सव्वादोन तोळे शिसे

दिवाळी जवळ आली की घरोघर तोळ्यामाशांची भाषा सुरू होते. पाडव्याला सोन्याचे काही घ्यावे, निदान मुहूर्तापुरता एखादा मणी तरी घ्यावा, असे ठरते. मग कोणीतरी वर्तमानपत्रातला भाव मोठ्याने वाचून दाखवतो आणि तो मणीही पुढच्या पाडव्यावर जातो. यंदा या सदरात मीही तोळ्यांचाच हिशेब मांडणार आहे. फक्त तो सोन्याचा नाही, शिशाचा आहे, आणि त्या शिशाची बंदुकीची गोळी व्हायची आहे. एवढ्यावरून भगिनीवर्गाने पान उलटू नये. या गोष्टीतला निकाल शेवटी एका गृहिणीनेच दिला आहे.

आधी वजनाचे सांगतो. बंदुकीच्या गोळीचे वजन अमेरिकेत अजून ‘ग्रेन’मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपला जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो निराळा आणि हलका. जुन्या तोळ्याचे मासे बारा, म्हणून मासा पंधरा ग्रेनचा. हे कोष्टक आमच्या मास्तरांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतले होते. त्याचा उपयोग पुढे मोंटाना राज्यातल्या एका गॅरेजमध्ये होईल, असे त्यांनाही वाटले नसेल.

गेल्या वर्षी आम्ही उभयता दोन महिने माझ्या भाचीकडे राहिलो. ती आणि जावई अमेरिकेत, मोंटानातल्या बोझमन गावाजवळ असतात. येलोस्टोनचे प्रसिद्ध उद्यान तिथून दक्षिणेला. शेजारी एक गृहस्थ आहेत, वय शहात्तर, सारा जन्म शाळेत सुतारकाम शिकवण्यात गेलेला. भाचीची मुले त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून मीही इथे आजोबाच म्हणतो. वास्तविक ते माझ्याहून चारच वर्षांनी मोठे आहेत.

तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागे, बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. शिकार मुख्यतः एल्कची. एल्क म्हणजे काश्मिरातल्या हंगुलाचा भाऊबंद, पण अंगाने फार दांडगा. मोठा नर तीनशे किलोंच्याही वर भरतो. एक एल्क मिळाला की एका घराची हिवाळ्याची सोय होते. ते मांस विकायला परवानगी नाही आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे शिकार म्हटली की डोळ्यांसमोर संस्थानिक आणि भुसा भरलेला वाघ येतो. तिथे शिकार म्हणजे मास्तर, सुतार, पोस्टमन यांची वर्षाची बेगमी. आम्ही उभयता शाकाहारी, पण ही गोष्ट ध्यानात आल्यावर निम्मा राग गेला.

आजोबांची बंदूक काउबॉयच्या सिनेमांतली. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे पितळ उडून बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत शिरते. तिला लिव्हर ॲक्शन म्हणतात. या बंदुकीच्या काडतुसाचे नाव .४५-७०. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले पंचेचाळीस. दुसरा आकडा काळ्या दारूचा, सत्तर ग्रेन. अमेरिकन लष्कराने हे काडतूस १८७३ साली घेतले. त्यात गोळी होती ४०५ ग्रेनची. मी मनात भागाकार केला आणि आजोबांना म्हणालो, “म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे.” त्यांना तोळा समजावून सांगण्यात त्या दिवशीची संध्याकाळ गेली.

लष्कराची ती जुनी बंदूक एकेरी होती. माळ्याचे झाकण उघडावे तसा तिचा मागचा ठोकळा वर उघडायचा, म्हणून तिचे नावच ट्रॅपडोअर पडले. १८७६ साली याच मोंटानात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी, लाकोटा आणि शायान वीरांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला, तेव्हा त्या घोडेस्वारांच्या हातांत याच जातीच्या आखूड बंदुका होत्या. १८९२ साली लष्कराने बारीक गोळीची बंदूक पत्करली, पण शिकाऱ्यांनी सव्वादोन तोळे सोडले नाहीत. १८८६ साली विंचेस्टर कंपनीने जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून या काडतुसासाठी कडीची बंदूक काढली. पुढे ती मागे पडली. मग १९७२ साली मार्लिन कंपनीने कडीची नवी बंदूक बाजारात आणली आणि या दीडशेच्या घरातल्या काडतुसाला पुन्हा तारुण्य आले. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि हौशीच्या शिकारीवर पडदा पडला. काडतुसे घरी भरण्याचे तर आपल्याकडे नावच नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ते करणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचे सारे माहितीखातर वाचावे.

तिकडे मात्र काडतुसे घरी भरणे हा पापड लाटण्याइतका राजमान्य उद्योग आहे. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो ते खरे काडतूस. गोळी म्हणजे त्याच्या तोंडाशी बसवलेला शिशाचा तुकडा. खाली पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टिकली फुटते. पितळ तेवढे शिल्लक राहते. ते स्वच्छ करायचे, यंत्रात दाबून मूळ मापावर आणायचे, नवी टिकली बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. आजोबांचा तराजू सराफाला लाजवील असा होता. या काडतुसाची पुंगळी मोठी आणि आधुनिक दारू थोडी लागते, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावून जाते आणि वरून पटकन कळत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून ते प्रत्येकीत बॅटरीचा झोत टाकून पाहत. त्या वेळी गॅरेजमध्ये रेडिओ बंद आणि माझे तोंडही बंद. दारू किती घालायची हे आकडे मी इथे देत नाही. ते छापील पुस्तकातून, त्या त्या बंदुकीच्या पानावरूनच घ्यायचे असतात, असा आजोबांचा दंडक.

गोळी कुठली बसवायची, इथे खरी मती लागते. टेबलावर त्यांनी चार डब्या मांडल्या होत्या. पहिलीत ३०० ग्रेनच्या, म्हणजे तोळा आणि आठ मासे. दुसरीत ३५० च्या. तिसरीत आपल्या सव्वादोन तोळ्यांच्या. आणि चौथीत ५२५ ग्रेनच्या, तीन तोळ्यांना मासाभर कमी. चौथ्या डबीतली एक गोळी मी तळहातावर घेतली. अंगठीएवढे शिसे, पण हात खाली जातो.

जाडी सगळ्यांची सारखीच, कारण नळी एकच. वजन वाढले की गोळी फक्त लांब होते. लांब गोळी जनावराच्या अंगात खोल जाते, हाडाला लागून चटकन थांबत नाही. हा जड गोळीचा गुण. पण लांबीला जागा लागते. या बंदुकीत काडतुसाची एकूण लांबी ठरलेली आहे, त्याहून लांब काडतूस आत सरकतच नाही. म्हणून लांब गोळी पुंगळीत खोल बसवावी लागते, आणि ती बसली की दारूची जागा खाल्ली जाते. जागा कमी झाली की आतला दाब वाढतो. शिवाय गोळी हवेत सरळ जावी म्हणून नळीत पीळ असतो, आणि फार लांब गोळीला तो पुरेल की नाही हे कागदावर भोके पाडूनच ठरवावे लागते.

आता टोकाचे पाहू. आजोबांची एकही गोळी टोकदार नव्हती. सगळ्या बसक्या नाकाच्या. मी कारण विचारले. ते म्हणाले, “तुमच्याकडे सणाला मुले टिकल्या उडवतात ना?” हे त्यांना भाचीच्या मुलांनी सांगितलेले. कडीच्या बंदुकीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात, आगगाडीच्या डब्यांसारखी. एकीचे टोक पुढचीच्या टिकलीला टेकलेले. टोक अणकुचीदार असेल तर बार उडाल्यावरच्या हिसक्याने ते पुढच्या टिकलीवर हातोडीसारखे बसेल आणि हातातल्या हातात सगळी माळ लागेल. म्हणून सपाट नाक. अलीकडे रबरासारख्या मऊ टोकाच्या निमुळत्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्याच हिसक्याने गोळी मागे पुंगळीत ढकलली जाऊ नये म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवरच्या खाचेत आवळून घ्यावे लागते. करंजीची कड दुमडतात तशी. ते काम आजोबा स्वतः करत, नातवालाही हात लावू देत नसत.

सरावाच्या गोळ्या आजोबा घरीच ओततात. शिसे नुसते वापरले तर मऊ पडते, वेगाने जाताना नळीला आतून माखते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालायचे. कथील म्हणजे आपले कल्हईचे. आणि अँटिमनी कुठून? तर जुन्या छापखान्यांतून. लायनोटाइप यंत्रांच्या ओळी ज्या धातूच्या ओतत, त्यात शिशाबरोबर शेकडा बाराच्या आसपास अँटिमनी असे. यंत्रे भंगारात गेली आणि गावोगावची वर्तमानपत्रांची अक्षरे गोळ्या ओतणाऱ्यांनी घाऊक उचलली. कधी काळी लग्नाच्या वार्ता आणि बाजारभाव छापणारा धातू आता एल्कच्या मागे लागतो, हे ऐकून छापखान्यात उमेदवारी केलेल्या मला कसेसेच झाले. हा धातू कठीण खरा, पण ठिसूळ. अँटिमनी जास्त झाले तर हाडावर गोळीचे तुकडे होतात. म्हणून तो निम्म्याहून अधिक मऊ शिसे घालून उतरवतात.

जड गोळी की वेगवान गोळी, हा तिकडचा जुना वाद आहे. आपल्याकडे फडके-खांडेकरांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला, तसा तिकडे एल्मर कीथ आणि जॅक ओकॉनर यांचा. कीथ आयडाहोचा रांगडा माणूस. त्याचे म्हणणे, भोक मोठे असावे आणि गोळी जड असावी. ओकॉनर इंग्रजीचा प्राध्यापक; .२७० सारखी बारीक, हलकी, वेगवान गोळी नेमक्या जागी बसली म्हणजे झाले, असे त्याचे मत. दोघेही मासिकांतून वर्षानुवर्षे लिहीत राहिले. ओकॉनर १९७८ साली गेला, कीथ १९८४ साली. वाद अजून आहे. आपल्या जिम कॉर्बेटने दोन्ही पक्ष सांभाळले होते: त्याच्याकडे हलकी .२७५ ही होती आणि .४५०/४०० ची जड दुनळीही. मला विचाराल तर दोघेही एकाच गोष्टीची हमी मागत होते, की जनावर जखमी होऊन रानात तडफडत जाऊ नये. बारीक गोळी वेगामुळे आत फुलते आणि काम करते. .४५-७० ची गोळी मुळातच इतकी रुंद की ती सावकाश गेली तरी आरपार जाते. पण ३०० ग्रेनची पातळ कवचाची गोळी जोराने जवळून मारली तर खांद्याच्या हाडावरच फुटून अर्ध्यात थांबण्याचा धोका. म्हणून पहिली डबी आजोबांनी पहिल्याच दिवशी बाजूला केली.

आजोबांचा जीव चौथ्या डबीत होता. त्या रानात ग्रिझली अस्वले आहेत आणि मारलेल्या एल्कच्या वासाने ती येतात. जवळजवळ तीन तोळ्यांची कठीण गोळी भरपूर दारूवर सोडली तर अस्वलालाही आडवी करील, हा त्यांचा हिशेब. पण यंदा ती बंदूक ते स्वतः वापरणार नव्हते. पंधरा वर्षांच्या नातवाने शिकारशिक्षणाचा वर्ग पुरा करून पहिला परवाना काढला होता आणि आजोबांची बंदूक त्याच्या हातात जायची होती.

पहिल्या रविवारी मैदानावर नातवाने चौथ्या डबीतले तीन बार काढले. सात पौंडांच्या बंदुकीतून असा बार नेहमीच्या शिकारी बंदुकीच्या दुपटीहून कमी धक्का देत नाही. पहिला बार बरा गेला. दुसऱ्या वेळी मुलाने चाप ओढण्याआधीच डोळे मिटले. मी बाजूलाच उभा होतो, स्पष्ट दिसले. तिसऱ्या वेळी आजोबांनी त्याच्या नकळत रिकामी पुंगळी भरून दिली. चाप ओढला, ‘टक्’ झाले, धक्का काहीच नाही, तरी बंदुकीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले. मुलगा बार उडण्याआधीच दचकत होता. आजोबा काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत गाडीत कोणीच बोलले नाही.

रात्री जेवणानंतर आजोबांनी तडजोड सांगितली. नातवासाठी सौम्य काडतुसे, स्वतःसाठी जोरदार. एकाच पेटीत नको, दोन वेगळ्या पेट्या, वर रंगीत चिठ्ठ्या. तेव्हा आजीबाई भांडी पुसत होत्या. काडतुसांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी भिंतीकडे बोट केले. भिंतीवर आजोबांच्या पणजोबांची ट्रॅपडोअर टांगलेली आहे, चालू स्थितीतली. दरवर्षी चार जुलैला तिचे दोन-तीन बार काढतात. “ही सगळी काडतुसे तिच्यात बसतात ना?” त्यांनी विचारले.

बसतात. सगळी गोम इथेच आहे. भरण्याच्या पुस्तकात या एका काडतुसाची तीन वेगळी प्रकरणे असतात: जुन्या ट्रॅपडोअरसाठी सौम्य, कडीच्या नव्या बंदुकीसाठी कडक, आणि त्याहून भक्कम एकेरी बंदुकीसाठी आणखी कडक. बाहेरून तिन्ही काडतुसे सख्ख्या बहिणींसारखी. कडक काडतूस दीडशे वर्षांच्या ट्रॅपडोअरमध्ये बिनतक्रार शिरते. पण बार काढला तर मागचा ठोकळा बार काढणाऱ्याच्या चेहऱ्याशी असतो.

“तुम्ही घरात नसाल,” आजीबाई म्हणाल्या, “आणि पोराने पेटी मागितली, तर मी कुठली द्यायची? चष्मा लावून का बिनचष्म्याने?”

आजोबा बराच वेळ गप्प बसले. शेवटी उठून गॅरेजमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी चौथी डबी फळीवर सर्वांत वर ठेवली आणि तिसरी पुढे ओढली. घरात एकच काडतूस राहायचे असे ठरले: ४०५ ग्रेनची मऊ नाकाची गोळी, १८७३ च्याच वेगाने, सेकंदाला तेराशे फुटांच्या आसपास, जी दोन्हींपैकी कुठल्याही बंदुकीत निर्धास्त घालता येईल. ही गोळी त्या सावकाश वेगासाठीच घडवलेली असते. तेवढ्या वेगालाही ती नीट फुलते. सरावाला त्याच वजनाच्या घरी ओतलेल्या. अस्वलाचे काय, हे मी विचारलेच. तिथले वनखाते तिखटाचा फवारा बाळगा म्हणून सांगते. तो डबा आजोबांच्या पट्ट्याला आधीपासूनच होता. लवंगी मिरचीच्या मुलखातला असल्यामुळे मी त्या उपायाला तत्काळ अनुमोदन दिले.

या निवडीची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. इतकी सावकाश जाणारी गोळी हवेत लवकर झुकते. शंभर यार्डांवर नेम बांधला तर दोनशेवर ती दोन फुटांहून अधिक खाली पडते. म्हणजे शंभर-सव्वाशे यार्डांच्या पलीकडे एल्क दिसला तर फक्त बघायचा. आजोबांनी नातवाकडून तसे कबूल करून घेतले.

नातवानेही एक अट घातली. शाळेत त्याने कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांविषयी वाचले होते. शिकाऱ्यांनी टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण पोटात जाऊन ती मरत. १९८२ साली सारी मिळून बावीस उरली होती. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. मोंटानात तशी बंदी नाही. मुलाला तांब्याच्या गोळ्या हव्या होत्या. पण तांबे शिशाहून हलके, त्यामुळे तेवढ्या वजनाची गोळी फार लांब होते, आणि ट्रॅपडोअरच्या वेगाला तांबे फुलत नाही. आपली गिधाडे गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने गेली, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याची बाजू आणखी बळकट झाली. अखेर असे ठरले की गोळी शिशाचीच, पण एल्कची आतडी उघडी टाकायची नाहीत. खोल पुरायची किंवा मोठ्या दगडांखाली दाबायची. मला मुलाचे म्हणणे अधिक पटले होते. आजोबा तांब्याकडे आज ना उद्या वळतील असे वाटते.

आम्ही हंगामाआधीच परतलो. नोव्हेंबरात भाचीचा फोन आला. “मामा, तुमच्या सव्वादोन तोळ्यांची बातमी आहे,” ती म्हणाली. पहिल्या आठवड्यात पहाटे एक मोठा नर उघड्यावर उभा होता. अंतर मोजण्याच्या दुर्बिणीत एकशे ऐंशी यार्ड भरले. मुलाने बंदूक खाली ठेवली आणि दोघे तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसले. तिसऱ्या आठवड्यात, बर्फ पडल्यावर, दाट देवदारांत चाळीस पावलांवर एक मादी मिळाली. एकच बार. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे निघून गेली; मादी साठेक पावले चालली आणि बसली. गोळी सापडली नाही. आतडी दगडांखाली दाबायला दोघांना दोन तास लागले, कारण जमीन गोठली होती.

वरच्या फळीवरची चौथी डबी मात्र हंगामानंतर रिकामी झाली. आजोबांनी त्या गोळ्या मऊ शिशाबरोबर वितळवून ४०५ च्या साच्यात ओतल्या आणि कडक दारूच्या प्रकरणावर पुस्तकात रबरबँड लावून टाकला. एल्कच्या मांसाची चार पुडकी भाचीकडे आली आहेत. जावई खातात, ती खात नाही. तिने फोनवर सौ.कडे कांदा-लसूण मसाल्याचे प्रमाण मागितले. सौ.ने जन्मात मांस शिजवलेले नाही, तरी तिने ते तोळ्यांत सांगितले.